प्लॉट मेव्हण्याच्या नावावर करू नका, विका

पत्र, थोडक्यात : वय 43, बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) सुपरवायझर, पगार हातात 38,000. पत्नी घरून डबे देते, त्यातून महिन्याला 9,000 सुटतात. घरखर्च 26,000. राहतं घर दांडिया बाजारात, वडिलांच्या नावावर. वडिलांच्या बायपासला पैसे कमी पडले तेव्हा पहिलं कर्ज घेतलं, मग एकाचे हप्ते फेडायला दुसरं घेत गेलो. आज पर्सनल लोनचे 4,60,000 बाकी आहेत (व्याज 15 टक्के, हप्ता 13,400). दोन क्रेडिट कार्डांवर 1,80,000 आणि 95,000, तीन मोबाइल अॅपचे मिळून 70,000 (हप्ते साधारण 12,000), पत्नीच्या दागिन्यांवर 1,10,000. शिवाय एका खासगी व्याजवाल्याकडून शेकडा पाच रुपये महिन्याने 1,50,000 घेतले आहेत. त्याच्याकडे माझ्या सहीचे दोन कोरे चेक आहेत आणि वीस महिने फक्त व्याज भरतोय. वाघोडिया रोडच्या पुढे माझ्या नावावर एक लहान प्लॉट आहे, साधारण चार लाखांचा. एक वकील 60,000 घेऊन दिवाळं काढून देतो म्हणतात. एक कंपनी फोनवर सांगते की हप्ते थांबवा, निम्म्यात मिटवून देऊ. आई म्हणते, आधी प्लॉट मेव्हण्याच्या नावावर कर. काय करू?

उत्तर :

दिवाळं काढू नका. प्लॉट मेव्हण्याच्या नावावर करू नका आणि त्या कंपनीचा फोन पुन्हा उचलू नका. प्लॉट बाजारभावाने विका आणि पैसे ठरावीक क्रमाने वाटा. तुमच्या आकड्यांत हाच मार्ग बसतो.

आधी दिवाळखोरीचं बघू, कारण तिच्याबद्दल टीव्हीवर आणि मोबाइलवर जे ऐकू येतं ते बहुतेक कंपन्यांचं असतं. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठीही तिसरा भाग आहे. पण 1 डिसेंबर 2019 पासून त्यातला लागू झाला आहे तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. अगदी गरिबांना कर्जमुक्ती देणारी 'फ्रेश स्टार्ट' तरतूद लागूच झालेली नाही. झाली असती तरी तुम्ही तिच्यात बसला नसता : वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत आणि स्वतःचं घर नको, अशा तिच्या अटी आहेत.

म्हणजे बडोद्यातल्या पगारदाराला आज उरतो तो 1920 चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. पात्रतेसाठी कर्ज किमान 500 रुपयांचं हवं, किंवा हुकूमनाम्यापोटी (दिवाणी न्यायालयाच्या वसुलीच्या आदेशापोटी) अटक नाहीतर मालमत्तेवर जप्ती आलेली हवी. शंभर वर्षांत हा 500 चा आकडा कोणी बदललेला नाही, त्यामुळे आत शिरणं सोपं आहे. अवघड आहे ते आत शिरल्यानंतरचं.

न्यायालयाने तुम्हाला नादार जाहीर केलं की तुमची जप्तीयोग्य मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, म्हणजे प्लॉट गेलाच. साधे धनको (विनातारण कर्ज देणारे) मग न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्यामागे लागू शकत नाहीत, एवढा आधार खरा मिळतो. पण तारण घेतलेल्या धनकोला हा कायदा अडवत नाही, दागिने त्याच्याकडेच राहतात. चेक बाउन्सचा फौजदारी खटलाही थांबत नाही. शेवटी पूर्ण मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथे तुमची गाडी अडते. मालमत्ता विनातारण कर्जाच्या रुपयाला आठ आणे इतकीही भरत नसेल, तर न्यायालय विनाअट मुक्तता नाकारतं. ही वेळ आपल्या दोषामुळे आली नाही हे पटवून दिलं तरच सूट मिळते. तुमचं विनातारण कर्ज 9,55,000 आणि प्लॉट 4,00,000 चा, म्हणजे रुपयाला बेचाळीस पैसे. बायपासचे कागद दाखवून पहिल्या कर्जाचं कारण सांगता येईल. त्यानंतरची कार्डं आणि अॅप कशी समजावणार? तोवर तुम्ही 'अमुक्त नादार' म्हणून अडकून राहाल, आणि अशा माणसाने आपली नादारी न सांगता 50 रुपयांची उधारी घेतली तरी तो गुन्हा ठरतो. हेही 1920 चंच.

त्या वकिलांना एवढंच विचारा : अर्ज कोणत्या कायद्याखाली, कोणत्या न्यायालयात, आणि मुक्ततेच्या अर्जाचं काय? उत्तर लेखी द्यायला सांगा. साठ हजारांत तुमच्या अॅपची जवळजवळ सगळी कर्जं फिटतात.

आता मेव्हण्याबद्दल. आईचा हेतू चांगला आहे, पण कायदा याच युक्तीची वाट बघत बसलेला असतो. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली रद्द करून घेता येतं. नादार ठरलात, तर त्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेली बक्षीसपत्रंही उलटतात. मेव्हण्याचं काही देणं असेल, एकट्या त्यालाच आधी फेडलंत आणि तीन महिन्यांत तुमच्याविरुद्ध नादारीचा अर्ज आला, तर तेही मागे घेतलं जाऊ शकतं. नुकसान त्याहून मोठं पुढे आहे : तडजोडीला बसलात आणि बँकेला हा व्यवहार दिसला, की ती तुम्हाला अडचणीतला माणूस मानत नाही, लबाड मानते.

हिशेब मांडू. तुमचं एकूण कर्ज 10,65,000. महिन्याला जाणारे पैसे असे : पर्सनल लोन 13,400, कार्डांचा किमान भरणा 5 टक्क्यांनी 9,000 आणि 4,750, तुम्ही लिहिता त्याप्रमाणे अॅपचे साधारण 12,000, व्याजवाल्याचे 7,500, सोन्याचं व्याज 1,100. बेरीज 47,750. दोघांची मिळकत 47,000, आणि घरखर्च तुम्ही 26,000 लिहिला आहे. म्हणजे हप्ते भरायला तुम्ही दर महिन्याला नवी उधारी काढताय, नाहीतर कार्ड घासताय. असं कोणालाही पेलत नाही, त्यात तुमचं काही खास चुकलेलं नाही.

कार्डाचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. महिन्याला साडेतीन टक्के दर धरा. 1,80,000 वर व्याज 6,300 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 1,134, मिळून 7,434. तुम्ही किमान रक्कम म्हणून 9,000 भरता, त्यातले मुद्दलात जातात 1,566. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानात कार्ड दाखवल्या क्षणापासून मीटर चालू होतो. दोन्ही कार्डं वापरणं आजच बंद करून ती कपाटात टाका, डब्याचं किराणा सामानही त्यांवर घेऊ नका.

प्लॉटच्या सौद्यातून दलाली आणि किरकोळ खर्च जाऊन 3,80,000 हाती आले असं धरू. भांडवली नफ्यावर कर किती बसतो ते विक्रीआधी सीएला विचारा. बिनखेतीचा (एनए) हुकूम आणि आधीचा दस्त शोधून ठेवा, खरेदीदार पहिल्यांदा तेच मागतो. सौद्यात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, पकडलं गेलं तर तेवढाच दंड. वाटप असं :

सगळ्यात आधी व्याजवाला, कारण शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के आणि त्याच्या हातात कोरे चेक. दुसऱ्या क्रमांकावर अॅपचे 70,000. उरलेल्या 1,60,000 मधून 95,000 चं कार्ड पूर्ण भरून बंद. बाकीचे 65,000 मोठ्या कार्डावर, म्हणजे तिथे उरले 1,15,000. त्याचे 36 हप्ते करून द्या असा अर्ज बँकेला करा. कार्ड चालू ठेवण्यापेक्षा बँकेला हे सोयीचं असतं. 18 टक्क्यांनी हप्ता साधारण 4,160 येतो, व्याजावरच्या जीएसटीसह सुरुवातीला 4,500 च्या आसपास. मग महिन्याचे राहिले 13,400, 4,500 आणि सोन्याचे 1,100, एकूण 19,000. मिळकतीतून ते वजा जाता 28,000 उरतात. घरखर्च 26,000. बस, तेवढंच. चैन नाही, पण दर महिन्याला नवं कर्ज नाही.

ज्याने पिळलं त्यालाच आधी फेडायचं, हे तुम्हाला बोचेल. तर त्याचा हिशेब नीट करा. वीस महिन्यांत तुम्ही त्याला 1,50,000 दिलेत, म्हणजे मुद्दलाइतके. बँकेच्या 15 टक्क्यांनी एवढ्या काळाचं व्याज 37,500 होतं. गुजरातेत 2011 च्या सावकारी कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. व्याजाच्या दरावर मर्यादा आहे आणि वसुलीसाठी छळ करणंही गुन्हा आहे. जानेवारी 2023 मध्ये गुजरात पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली, लोकदरबार भरवले. त्यामुळे ही तक्रार कशी असते हे पोलिस ठाण्यांना ठाऊक आहे. त्याला शांतपणे सांगा : नोंदणी दाखवा, आतापर्यंतच्या रकमेची पावती द्या, उरलेल्याचा आकडा लेखी ठरवू. पुढचा प्रत्येक पैसा बँकेतून पाठवा, रोख नाही. चेक परत मिळाल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. धमकी आली तर अर्ज करा, आणि अर्जात तारीखवार किती दिले ते लिहा. वरच्या वाटपात मी पूर्ण 1,50,000 धरले आहेत, कमी झाले तर ते सोन्याकडे वळवा.

कोऱ्या चेकला हलकं घेऊ नका. सही तुमची असेल आणि चेक राजीखुशीने दिलेला असेल, तर बाकीचं कोणी भरलं तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं न्यायालय गृहीत धरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच सांगितलं आहे. खंडन करायचा भार तुमच्यावर येतो. नुसतं 'स्टॉप पेमेंट' केलं म्हणून चेक बाउन्सचं कलम 138 टळत नाही. चेक परत गेल्याचं कळल्यावर धनको 30 दिवसांत नोटीस पाठवतो, मग तुम्हाला पैसे भरायला 15 दिवस मिळतात. ही नोटीस आली की घरात लपवून ठेवू नका, त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. हप्त्याचं ऑटो-डेबिट पैसे नसल्यामुळे परत गेलं तर 2007 च्या पेमेंट कायद्याचं कलम 25 तशीच कारवाई उघडतं. आणि दर वेळी तुमची बँक आणि कर्ज देणारा, दोन्हीकडून दंड लागतो तो वेगळाच.

प्लॉट विकायला दोन महिने लागतील, चार लागतील. तोवर कोणाला थांबवायचं? घर, वीज, शाळा, औषधं आधी. मग सोन्याचं व्याज, कारण ते थकलं तर लिलाव. लिलावाआधी नोटीस द्यावी लागते आणि कर्ज वजा करून उरलेले पैसे तुम्हाला परत मिळायला हवेत, पण दागिने परत येत नाहीत. त्यानंतर पर्सनल लोन. कार्डं शेवटी. चिडून फोन येतील, ते येऊ द्या.

पर्सनल लोनसाठी मात्र हप्ता चुकायच्या आधीच शाखेत अर्ज द्या. 90 दिवस थकलं की खातं बुडीत कर्जात जातं, त्यानंतर बँकेचे हात बांधले जातात आणि तुमचेही. अर्जात पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, बायपासचं बिल, आणि ठोस मागणी : मुदत वाढवून हप्ता कमी करा. आत्ताच्या हप्त्याने तुमचे अजून साधारण 45 महिने आहेत. ते 60 केले तर हप्ता 10,950 च्या आसपास येतो, म्हणजे महिन्याला अडीच हजारांचा श्वास. त्याची किंमत अंदाजे 52,000 जादा व्याज, शिवाय क्रेडिट अहवालात 'पुनर्रचित' अशी नोंद. प्लॉट लवकर विकला गेला तर याची गरज नाही, उशीर झाला तर घ्या. पोच मात्र शिक्क्यासह घ्या. तोंडी 'बघतो' ला काही अर्थ नसतो.

पगार जर कर्ज देणाऱ्याच बँकेत जमा होत असेल, तर थकबाकीपोटी ती त्या खात्यातून रक्कम वळती करू शकते. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत घ्या आणि हप्त्याची रक्कम दर महिन्याला स्वतः कर्जाच्या बँकेत पाठवा. घरखर्च सुरक्षित राहतो, हप्ताही जातो.

निम्म्यात मिटवून देणाऱ्या कंपनीची पद्धत अशी असते : हप्ते थांबवायला सांगायचं, तेच पैसे आपल्याकडे किंवा एका खात्यात जमा करायला लावायचे, त्यातून आधी आपली फी काढायची, आणि कर्ज कुजलं की बँकेशी बोलायचं. तोवर व्याज चालू, दंड चालू, चेकचे खटले चालू. बँकेशी तडजोड तुम्ही स्वतः करू शकता, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. फक्त ती थकलेल्या कर्जाची होते, चालू कर्जाची नाही. म्हणून चालू कर्ज मुद्दाम बिघडवून तडजोडीला जाणं मला वेडेपणा वाटतो : अहवालात 'सेटल्ड' ही नोंद वर्षानुवर्षे राहते, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या माणसाला ती बँक किमान 12 महिने नवं कर्ज देत नाही.

तरीही पुढे कधी तडजोडीची वेळ आली तर क्रम पाळा : आधी बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र, त्यात खाते क्रमांक, एकूण रक्कम, शेवटची तारीख आणि 'यानंतर काही देणं नाही' हे वाक्य. मग पैसे थेट कर्जखात्यात, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही. मग ना-देय दाखला. महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट अहवाल तपासा, तो बनवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात. राष्ट्रीय लोकअदालत हाही मार्ग आहे. तिथे खटल्यापूर्वीचीही प्रकरणं घेतात, कोर्ट फी नाही. पण तिथला निवाडा म्हणजे दिवाणी हुकूमनामा, त्यावर अपील नाही. हप्ते ठरवून चुकलात तर सरळ दरखास्त (वसुलीचा अर्ज) येते, म्हणून झेपेल तेवढंच कबूल करा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, सोन्याचं कर्ज पत्नीच्या नावावर असेल तर हे लक्षात असू द्या.

फोनचा जाच. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनेप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही. नातेवाइकांसमोर किंवा कामाच्या ठिकाणी अपमान करणंही चालत नाही. तारीख, वेळ, नंबर, रेकॉर्डिंग जपा. बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही, चौकशीसाठी 14448. अॅपने फोटो पसरवायची धमकी दिली तर थेट 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिन्ही अॅपमागे नोंदणीकृत बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या यादीत बघा. व्हॉट्सअॅपवर आलेला लाल शिक्क्याचा 'अटक वॉरंट' कागद न्यायालयाचा नसतो. कर्ज थकणं दिवाणी बाब आहे, पोलिस वसुली करत नाहीत.

आणि समजा कोणी दावा लावून हुकूमनामा मिळवलाच, तरी सगळा पगार जात नाही. पहिले 1,000 आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो. 38,000 पगार धरला तर जास्तीत जास्त 12,333 जातील, तेही एका हुकूमनाम्यापोटी 24 महिन्यांपुरते. भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं सुरक्षित. वडील कोणत्याही कर्जात जामीन नसतील आणि घर त्यांनी स्वतः कमावलेलं असेल, तर तुमच्या धनकोंना त्याला हात लावता येत नाही. वडिलोपार्जित असेल तर तुमचा हिस्सा मोजला जाईल, म्हणून दस्त एकदा काढून बघा. एजंट वडिलांना 'फक्त ओळखीसाठी' सही मागायला आला तर सही नाही.

या आठवड्यात तीन कामं करा : पर्सनल लोनचा अर्ज शाखेत द्या, अॅपची यादी तपासा आणि प्लॉटचा दस्त व बिनखेतीचा हुकूम काढून दोन दलालांना भाव विचारा. व्याजवाल्याशी बोलायला एकटे जाऊ नका. मेव्हण्याला न्या, तिथे त्याचा खरा उपयोग होईल.